‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सिनेमावेड्या मित्रमंडळात दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हा चित्रपट लावायची टूम काढतं. पडदा गुंडाळून चहा येईपर्यंत तेच ते प्रश्न सुरू होतात आणि उत्तरं द्यायला मीच सापडतो. म्हणून एकदाची लिहून ठेवली. चित्रपट पाहिला नसेल तर अर्ध्यापर्यंत बिनधास्त वाचा. पुढे जिथे रहस्य फोडलं आहे तिथे आधी सावध केलं आहे.

नावाचा अर्थ काय?

विम्याचा एजंट घरी येऊन म्हणतो ना, ‘डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट घेऊन टाका, हप्त्यात किरकोळ फरक पडतो’, तेच हे. दुप्पट भरपाई. चित्रपटातली पॉलिसी मात्र आयुर्विम्याची नाही, निव्वळ अपघाताची आहे : अपघाती मृत्यू आला तर ५० हजार डॉलर आणि तो रेल्वेच्या प्रवासात आला तर १ लाख. नायक स्वतःच सांगतो की हे कलम गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी असतं. ज्या अपघातांना दुप्पट पैसे मिळतात, ते अपघात सहसा होतच नाहीत. हे सगळं पाठ असलेला माणूस मग असा एक ‘अपघात’ घडवून आणायला निघतो.

गोष्ट थोडक्यात सांगा.

सन १९३८, लॉस एंजेलिस. वॉल्टर नेफ हा विमा कंपनीचा बोलघेवडा, चलाख एजंट. मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करून घ्यायला तो डिट्रिक्सन नावाच्या गृहस्थाच्या बंगल्यावर जातो. गृहस्थ घरी नसतो, बायको असते. फिलिस. दोन भेटींत ती विचारते, नवऱ्याला कळू न देता त्याचा अपघात विमा काढता येईल का? नेफला प्रश्नाचा रोख तत्क्षणी कळतो. तो चिडून निघून जातो आणि त्याच संध्याकाळी तिला स्वतःच्या घरात घेतो. पुढे खून, क्लेम आणि कंपनीच्या क्लेम खात्याचा प्रमुख बार्टन कीज.

दिग्दर्शक बिली वाइल्डर, निर्मिती पॅरामाउंट स्टुडिओची. नेफ झालाय फ्रेड मॅकमरी, फिलिस बार्बरा स्टॅनविक आणि कीज एडवर्ड जी. रॉबिन्सन. काळा-पांढरा, १०७ मिनिटं.

खुनी कोण ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतात. मग बघायचं काय?

रात्रीच्या रिकाम्या ऑफिसात खांद्याला गोळी लागलेला नेफ येतो, कीजच्या टेबलापाशी बसतो, डिक्टाफोन (बोललेलं नोंदवून ठेवणारं यंत्र) चालू करतो आणि कार्यालयीन टिपण सांगावं तसा कबुलीजबाब द्यायला लागतो. वर तारीख, कोणाकडून, कोणास, सगळं रीतसर. खून पैशासाठी केला आणि बाईसाठी केला. पैसे मिळाले नाहीत आणि बाईही मिळाली नाही, हे तो तिथेच सांगून मोकळा होतो. मनात भरतो तो हा रीतसरपणा. माणूस मरायला टेकलाय, पण ऑफिसची सवय सुटलेली नाही.

आता बघायचं काय? एक चोख बेत कागदोपत्री कसा उसवत जातो ते. पोलीस या चित्रपटात जवळजवळ नाहीतच. सगळा तपास एक पगारदार माणूस अर्ज, सह्या आणि तक्ते यांच्या आधारे करतो. लोक याला वासनेचा, विश्वासघाताचा चित्रपट म्हणतात. मला विचाराल तर हा ऑफिसचा चित्रपट आहे. ज्याने कधी फायलींशी झटापट केली आहे त्याला तो जास्त भिडतो. आमच्याकडे एक निवृत्त विमा अधिकारी बघायला आले होते. फिलिसच्या एकाही प्रसंगाला त्यांनी मान वर केली नाही, पण कीजने पहिला खोटा क्लेम फेटाळला तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले.

खऱ्या घटनेवर आधारित आहे का?

हो, बराचसा. २० मार्च १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अल्बर्ट स्नायडर याचा त्याच्या घरात खून झाला. बायको रूथ आणि तिचा प्रियकर जड ग्रे. हा ग्रे बायकांच्या कॉर्सेटचा फिरता विक्रेता होता. नवऱ्याचा विमा काढलेला आणि हिंसक मृत्यू आल्यास दुप्पट रक्कम. दोघांनी चोरीचा बनाव केला, पण चोरीला गेलेले म्हणून सांगितलेले दागिने पोलिसांना घरातच गादीखाली सापडले! १२ जानेवारी १९२८ रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत बसवलं. तिथे टॉम हॉवर्ड नावाच्या छायाचित्रकाराने घोट्याला छोटा कॅमेरा बांधून चोरून नेला आणि रूथच्या मृत्यूचा क्षण टिपला. ते छायाचित्र ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर छापलं.

जेम्स एम. केन त्या काळात न्यूयॉर्कमध्ये पत्रकार होता. खटल्याचं बीज त्याच्या डोक्यात राहिलं आणि पुढे त्याने त्याची कादंबरी केली. न्यूयॉर्कची हकिगत त्याने कॅलिफोर्नियाच्या उन्हात नेली आणि प्रियकराला विमा एजंट केलं. गोष्ट खरी उभी राहिली ती या दुसऱ्या बदलामुळे. (फिलिसच्या घोट्यातली साखळी आणि हॉवर्डच्या घोट्याचा कॅमेरा यांचा काही संबंध नाही. पण मला एक दिसलं की दुसरं आठवतं.)

कादंबरी १९३६ ची, चित्रपट १९४४ चा. मध्ये एवढी वर्षं का गेली?

कादंबरी आधी ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः आली. पण त्याच्याही आधी ती हॉलीवूडच्या स्टुडिओंमध्ये फिरत होती आणि तिथेच अडली. त्या वेळी पटकथा आधी निर्मिती संहितेच्या (हॉलीवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमांच्या) कार्यालयाकडून मान्य करून घ्यावी लागे आणि तिथला प्रमुख जोसेफ ब्रीन याने ही गोष्ट पडद्यावर आणण्याजोगी नाही असं कळवून टाकलं. झालं, सगळ्यांनी हात झटकले. १९४३ मध्ये केनची ही कथा पुस्तकात आली तेव्हा पॅरामाउंटने पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला तक्रारी किरकोळ निघाल्या : प्रेताची विल्हेवाट इतकी तपशीलवार नको, बाईच्या अंगावरचा टॉवेल पुरेसा लांब हवा, असल्या. टॉवेल आजही चांगला लांब आहे.

वाइल्डर आणि चँडलर यांचं जमत नव्हतं, हे खरं का?

अजिबात जमत नव्हतं. वाइल्डरचा नेहमीचा लेखनातला जोडीदार चार्ल्स ब्रॅकेट. त्याला ही गोष्टच किळसवाणी वाटली आणि तो बाजूला झाला. मग आणला रेमंड चँडलर. रहस्यकथांमध्ये नाव कमावलेला, वयाने पंचावन्नच्या घरातला, पटकथा मात्र आयुष्यात न लिहिलेला. दारू सोडलेला माणूस, आणि समोर खोलीभर येरझाऱ्या घालत हातातली छडी फिरवणारा, मधूनच उठून मैत्रिणींना फोन लावणारा वाइल्डर. चँडलरने एक दिवस त्याच्याविरुद्ध तक्रारींची यादीच स्टुडिओला दिली. वाइल्डरने निमूट ऐकून घेतलं आणि काम पुढे सरकलं.

पण या भांडकुदळ जोडीने जे केलं ते दोघांपैकी एकट्याला जमलं नसतं. वाइल्डरचा विचार होता केनचे संवाद जसेच्या तसे उचलायचे. चँडलर म्हणाला, हे डोळ्यांसाठी लिहिलेत, कानांसाठी नाहीत. नट बोलावून संवाद मोठ्याने वाचून घेतले आणि चँडलरचं खरं निघालं. मग संवाद नव्याने लिहिले गेले. नेफ-फिलिसच्या पहिल्या भेटीतलं ते वाहतुकीच्या नियमांचं बोलणं आठवा. ती त्याला बजावते की या राज्यात वेगमर्यादा आहे, ताशी ४५ मैल. तो विचारतो, मी किती वेगाने चाललो होतो, साहेब? ती म्हणते, नव्वदच्या आसपास. एक शब्द अश्लील नाही आणि एक वाक्य सोज्ज्वळ नाही. ब्रीनच्या कार्यालयाला कात्री लावायला जागाच ठेवलेली नाही.

चँडलर स्वतः चित्रपटात दिसतो म्हणतात?

दिसतो. साधारण सोळाव्या मिनिटाला नेफ कीजच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा दाराबाहेर खुर्चीवर चश्मा लावलेला एक गृहस्थ वाचत बसलाय. नेफकडे एक ओझरता कटाक्ष टाकतो. तोच. गंमत म्हणजे ही गोष्ट जाहीरपणे लक्षात यायला २००९ उजाडलं. पासष्ट वर्षं लाखो लोकांनी त्याच्यावरून नजर फिरवली.

मॅकमरीसारखा साधाभोळा नट खुनी म्हणून का घेतला?

कारण बाकीचे नाही म्हणाले! जॉर्ज राफ्टचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याला गोष्ट ऐकवत असताना तो मधेच विचारायला लागला की कोटाची कॉलर उलटायची जागा कुठे येते. म्हणजे नायक कोटाची कॉलर उलटून आतला बिल्ला दाखवतो आणि तो खरा गुप्त पोलीस निघतो, ती जागा. तशी जागा नाही म्हटल्यावर राफ्टने नकार दिला. वाइल्डर पुढे म्हणायचा, तेव्हाच कळलं की चित्रपट चांगला होणार.

मॅकमरी तोवर हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांतला गोड नायक. त्याला स्वतःलाच हे आपल्याच्याने होईल असं वाटत नव्हतं. पण नेमकं तेच कामी आलं. अट्टल गुन्हेगाराचा चेहरा असता तर त्याला कोणी दारात उभं केलं नसतं. हा माणूस विमा विकायला आला तर तुम्ही त्याला पाणी द्याल.

स्टॅनविकचा तो पिवळाधमक विग इतका खोटा का?

पॅरामाउंटच्या निर्मितिप्रमुखालाही तो खटकला होता. आम्ही स्टॅनविकला पैसे मोजले आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन, असं तो म्हणाल्याची कथा आहे. वाइल्डरचं म्हणणं असं की तो सवंग दिसावा असंच हवं होतं. पुढे मात्र बरंच चित्रीकरण झाल्यावर चूक लक्षात आली असंही तो कबूल करत असे. काही असो. ही बाई वरपासून खालपर्यंत बेतलेली आहे हे त्या विगमुळे पहिल्या नजरेत कळतं. कळत नाही ते फक्त नेफला.

खून दाखवलाच नाही, असं का?

दाखवला असता तर इतका आठवला नसता. नवऱ्याचा पाय मोडलाय, कुबड्या आहेत, स्टेशनवर निघालेत. गाडी फिलिस चालवतेय, शेजारी नवरा, मागच्या सीटखाली नेफ दडलेला. आडरस्त्याला वळल्यावर ती तीनदा हॉर्न वाजवते. तीच खूण. त्यानंतर कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर. शेजारी झटापट चाललेली ऐकू येते आणि ती समोर रस्त्याकडे बघत राहते. डोळ्यांत किंचित चमक येते, ओठ हलतात न हलतात. गाडीचा वेग तसाच. आमच्याकडे या जागी दर वेळी खोली चिडीचूप होते.

त्यानंतरची जागाही बघा. नेफ नवऱ्याचं सोंग घेऊन कुबड्यांसह रेल्वेगाडीत चढतो, मागच्या उघड्या सज्ज्यातून उडी मारतो, दोघं प्रेत रुळांवर ठेवून परत मोटारीत येतात आणि मोटार सुरूच होत नाही. फिलिस चावी फिरवते, इंजिन कण्हतं, बंद. पुन्हा तेच. या क्षणी तुम्हाला मोटार सुरू व्हावीशी वाटत असते, म्हणजे तुम्ही खुन्यांच्या बाजूला जाऊन बसलात. ही जागा पटकथेत नव्हती. चित्रीकरण उरकून निघताना वाइल्डरची स्वतःचीच गाडी सुरू होईना, तेव्हा त्याला सुचलं आणि तो सेट मोडायच्या आत धावत परत गेला.

तो पट्ट्यापट्ट्यांचा उजेड कसा केला?

छायालेखक जॉन सायट्स. खिडक्यांच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यांतून येणारा प्रकाश भिंतीवर, माणसांच्या अंगावर गजांसारखा पडतो. डिट्रिक्सनच्या बैठकीत हवेत धूळ तरंगताना दिसते. कॅमेऱ्यात खरी धूळ नीट उठत नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी उडवली होती. दुपारची वेळ, झगझगीत कॅलिफोर्निया, आणि घरात मात्र कोंदट काळोख. मिक्लोश रोझाच्या संगीताबद्दल एवढंच सांगतो की स्टुडिओच्या संगीत विभागाला ते फार कर्कश वाटलं होतं. वाइल्डरला ते आवडलं म्हणून वाचलं.

*(इथून पुढे रहस्य फोडलं आहे.)*

कीजला संशय नेमका कशावरून येतो?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. आधी कंपनीचा मालक पैसे वाचवण्यासाठी ही आत्महत्या ठरवू बघतो. तेव्हा कीज त्याला उभा सोलतो. आत्महत्यांचे तक्ते त्याला तोंडपाठ आहेत : वंशानुसार, वर्णानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, दिवसाच्या वेळेनुसार, विषाने, बंदुकीने, बुडून, उडी मारून. आणि या सगळ्यांत चालत्या रेल्वेच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव दिल्याची एकही नोंद नाही! गाडी होती ताशी १५ मैलांवर. त्या वेगातून उडी टाकून मरण्याची खात्री कोण धरेल? रॉबिन्सन हे एका दमात म्हणतो आणि आकडेवारीत किती सूर असतो हे कळतं.

हे झालं आत्महत्येचं. पण रात्री कीजचं पोट बिघडतं. त्याच्या पोटात एक ‘छोटा माणूस’ आहे, खोटा क्लेम आला की तो आतून ढुश्या मारतो. कीज नेफच्या घरी येतो आणि विचारतो : त्या माणसाकडे अपघाताचा विमा होता ना? त्याचा पाय मोडला ना? मग त्याने पायाचा क्लेम का नाही केला?

बस, इतकंच. प्रेत नाही, बोटांचे ठसे नाहीत. जो अर्ज आलाच नाही, तो पुरावा. कीज पुढचं पाऊलही टाकतो, की कदाचित आपला विमा उतरवलाय हे त्याला माहीतच नसेल. आणि तिथेच मागे फिरतो. छे, तसं कसं होईल, पॉलिसी तर वॉल्टर, तू स्वतः त्याच्या हातात दिलीस. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. नेफवरचा विश्वास आडवा आला.

त्याच प्रसंगात फिलिस दारामागे लपते. पण घराचं दार बाहेरच्या बाजूला कसं उघडतं?

उघडत नाही. घरांची दारं आत उघडतात हे वाइल्डरलाही ठाऊक होतं, पण मग तिला लपवायचं कुठे? मी चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला तोवर मला हे दिसलं नव्हतं. आता तुम्हालाही दर वेळी दिसत राहील, त्याबद्दल क्षमस्व.

फिलिस दुसरी गोळी का झाडत नाही?

एक गोळी मारून झाल्यावर हात का थांबला, याचं उत्तर ती प्रेम असं देते. प्रेम तिलाही त्या मिनिटापर्यंत ठाऊक नव्हतं म्हणे. नेफ विश्वास ठेवत नाही आणि तिला मारतो. आमच्यात यावर दर वेळी दोन तट पडतात. मला ते खरं वाटत नाही, लेखकांना शेवट हवा होता असं वाटतं. कादंबरीत दोघं जहाजावरून समुद्रात उडी घ्यायला निघतात, मागे शार्क लागलेला. निर्मिती संहितेला आत्महत्येची पळवाट चालण्यासारखी नव्हती.

गॅस चेंबरचा शेवट चित्रित केला होता का?

केला होता. नेफला कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात गॅसने मृत्युदंड, काचेबाहेर साक्षीदारांमध्ये कीज. सुमारे दीड लाख डॉलर खर्च करून सेट उभारला, पाच दिवस चित्रीकरण केलं, आणि वाइल्डरने ते काढून टाकलं. आज त्याची फक्त स्थिरचित्रं उरली आहेत.

त्याने काढलं ते बरंच केलं. चित्रपटभर कीजकडे चिरूट असतो पण काडी कधीच नसते. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून त्याचा चिरूट पेटवून देतो. शेवटी नेफ दारात कोसळतो, सिगारेट तोंडात धरतो, काडी पेटवायचं त्राण नाही. तो म्हणतो, तुला हा माणूस सापडला नाही, कारण तो फारच जवळ होता, तुझ्या टेबलापलीकडे. कीज म्हणतो, त्याहून जवळ. आणि काडी ओढून त्याची सिगारेट पेटवतो. याच्या काही वेळ आधी नेफने कीजचं टिपण चोरून ऐकलेलं असतं. कंपनीने नेफची चौकशी करायची म्हटल्यावर कीजने त्यात सांगितलं होतं, याला मी अकरा वर्षं ओळखतो, याची हमी मी घेतो. या काडीनंतर गॅस चेंबर दाखवून काय मिळणार होतं?

ऑस्कर किती मिळाले?

सात नामांकनं, एकही नाही. चित्रपट आणि दिग्दर्शन, दोन्ही ‘गोइंग माय वे’ने नेलं. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी व्यासपीठाकडे निघाला तेव्हा वाइल्डरने वाटेत पाय पुढे करून त्याला अडखळवलं, असा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगत असे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मात्र याला जागा मिळाली.

याला ‘फिल्म नॉयर’ पहिल्यांदा कोणी म्हटलं?

बनवणाऱ्यांनी नाही. युद्ध संपल्यावर अडलेले अमेरिकी चित्रपट पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले आणि १९४६ मध्ये नीनो फ्राँक या समीक्षकाने त्यांतल्या काही गुन्हेकथांना ‘काळे’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘नॉयर’, म्हटलं. त्यांत हा होता.

हिंदीत याची नक्कल झाली आहे का?

थेट नाही म्हणता येणार. हॉलीवूडचा ‘बॉडी हीट’ (१९८१) याच्या सावलीत उभा आहे आणि आपला ‘जिस्म’ (२००३) ‘बॉडी हीट’च्या. नातू म्हणा. त्यात कीज नाही, म्हणून माझं त्याच्याशी जमलं नाही.

नेफ तर अविवाहित, मग त्याच्या बोटात लग्नाची अंगठी कशी?

ती मॅकमरीची स्वतःची. काढायची राहिली.